अध्ययन अक्षमता, महाविद्यालय आणि पहिली नोकरी : कोणाला, केव्हा आणि काय सांगावे?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पुण्यातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचवीत असताना त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता, असल्याचे निदान झाले. दहावी आणि बारावीला मंडळाच्या सवलती मिळाल्या आणि दोन्ही परीक्षा तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. पदवीला मात्र ‘इथे तसले काही नसते’ असे कार्यालयातून सांगण्यात आले, पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले, आणि आता पुढच्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग व त्यापाठोपाठ कॅम्पस निवड येणार आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे मत असे की, कंपनीत याबद्दल चकार शब्द काढू नये. तेव्हा सांगावे की लपवावे, असा आईचा प्रश्न आहे.

मी २२ वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम केले असून त्यातील बराच काळ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबरोबर गेला आहे. माझे उत्तर असे की सांगावे. मात्र ते आपण सांगू नये, मुलाने सांगावे. आजाराचे नाव सांगितल्यासारखे सांगू नये, तर काम नीट होण्यासाठी आपल्याला काय लागते ते सांगावे. आणि ज्या व्यक्तीच्या हातात ती सोय करणे आहे, तिलाच सांगावे. हे तीनही भाग सोपे नाहीत आणि त्यांची तयारी कंपनीच्या दारात होत नाही, ती महाविद्यालयातच करावी लागते. म्हणून आधी महाविद्यालयाबद्दल लिहिते.

बारावीपर्यंत सावरलेला मुलगा पदवीला का अडखळतो, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ घरांत याचा अर्थ ‘आता तो अभ्यासच करत नाही’ असा काढला जातो. डिस्लेक्सिया ही मेंदूच्या घडणीतील भिन्नता आहे. बुद्धीशी तिचा संबंध नाही आणि ती वयाबरोबर जातही नाही. शब्दातील ध्वनी सुटे करणे आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणे हे काम इतरांच्या बाबतीत आपोआप होते, ते या मुलांना प्रत्येक वेळी जाणीवपूर्वक करावे लागते. मराठी वाचताना देवनागरी त्यांना थोडी मदत करते, कारण ‘क’ला काना दिला की तो ‘का’च होतो, त्याचा दुसरा उच्चार होत नाही. अडचण येते ती घ-ध, भ-म, ब-व यांसारख्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, जोडाक्षरांत, रफारात आणि ऱ्हस्व-दीर्घात. तरीही मराठी माध्यमातील मूल हळूहळू का होईना, पण बरोबर वाचू लागते. वाणिज्य शाखेत आल्यावर पुस्तके इंग्रजी होतात, आणि इंग्रजीत तेच अक्षर शब्दागणिक वेगळे वाजते. शाळेत कमावलेली युक्ती तिथे चालत नाही. त्यातच प्रकरणे मोठी होतात, वर्गात शंभर मुले असतात आणि शिक्षक नोट्स सांगत जातात, त्या उतरवून घ्यायच्या असतात. ऐकणे, समजणे आणि लिहिणे ही तीन कामे एकाच वेळी करणे हीच ज्याची नेमकी अडचण आहे, त्याच्यासाठी असा तास जवळपास वाया जातो. मुलगा आळशी झालेला नाही. त्याच्यावरचा भार वाढला आणि आधार मात्र काढून घेतला गेला.

‘इथे तसले काही नसते’ हे विधान चुकीचे आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि अभ्यासक्रमात योग्य ते बदल यांचा उल्लेख कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवण्याची तरतूद कलम ३२ मध्ये आहे. ती मात्र ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी आहे. परीक्षेतील सोयींचे तसे नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांच्या अटीवर अडवता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया, म्हणजे लेखनातील अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेश परीक्षेत जादा वेळ नाकारला गेला, त्या प्रकरणातही न्यायालयाने हीच भूमिका घेतली. कार्यालयातील कर्मचाऱ्याला या गोष्टी ठाऊक नसणे शक्य आहे, पण म्हणून हक्क संपत नाही.

सर्वांत आधी प्रमाणपत्राकडे पाहावे. केंद्राच्या मूल्यमापन सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांनंतर दिले जाते, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि १८ व्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते. आपल्या मुलाजवळ दहावीच्या वेळचे जुने प्रमाणपत्र असेल, तर महाविद्यालय ते नाकारू शकते. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयात ही तपासणी होते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक अशा तिघांच्या चमूकडून ती होत असल्याने एका फेरीत काम होईल असे धरून चालू नये. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, तेही काढून घ्यावे. एक अडचण मात्र आधीच सांगते. मराठीत आधार घेता येईल अशी चाचणी-साधने थोडी आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ हे साधन मराठीत उपलब्ध आहे, पण ते पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. प्रौढ विद्यार्थ्याची तपासणी बहुधा इंग्रजीतील उताऱ्यांवर होते आणि मराठी माध्यमातील मुलाच्या चुका ‘इंग्रजी कच्चे’ या सदरात टाकल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून शाळेच्या जुन्या वह्या, शिक्षकांचे शेरे आणि पाचवीतील मूळ अहवाल बरोबर न्यावेत. ही अडचण इंग्रजीच्याही आधीची आहे, हे त्यांवरून सिद्ध होते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर काय मागायचे, हा प्रश्न येतो आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. सवलत म्हटले की लेखनिक, असे समीकरण बसले आहे. ज्याला लिहिणे जमत नाही त्याला लेखनिक लागतो. ज्याला वाचणे जमत नाही त्याला प्रश्न वाचून दाखवणारा वाचक लागतो. आणि ज्याला दोन्ही जमते पण सावकाश, त्याला केवळ वेळ पुरतो. केंद्राच्या सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास अधिक मिळायला हवा. आपला मुलगा हाताने बरे लिहीत असेल, तर त्याच्यावर लेखनिक लादू नये. लेखनिकाला उत्तर सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण जुळवून, विरामचिन्हांसह, न घाईने बोलावे लागते, आणि ज्याने याचा सराव केलेला नाही त्याचे गुण लेखनिक घेतल्यावर कमीही होतात, हे मी पाहिले आहे. शिवाय विद्यापीठाच्या परीक्षेपुरती सोय करून महाविद्यालय मोकळे होते आणि अंतर्गत चाचण्यांत मात्र कोणालाच आठवण राहत नाही. अर्जात दोन्हींचा उल्लेख करावा. ज्या विषयांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे, तिथे तो पर्यायही गांभीर्याने तपासावा.

परीक्षा वर्षातून काही दिवस असते, शिकणे रोजचे असते, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे. शिक्षकांनी नोट्स आदल्या दिवशी दिल्या आणि तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करू दिला, तर अर्धी लढाई तिथेच संपते. मजकूर वाचून दाखवणारी सोय आता साध्या फोनमध्येही असते आणि मराठीत बोलून लिहिण्याचीही सोय आहे. फक्त नोट्स कशा मिळतात यावर सगळे अवलंबून असते. झेरॉक्सचा काढलेला फोटो किंवा युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी फोनला बहुधा नीट वाचता येत नाही. तो निरर्थक अक्षरे उच्चारतो आणि मुलगा दोन दिवसांत ते साधन बाजूला ठेवतो. युनिकोडमधील फाइल मागणे ही शिक्षकाला दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण ती कोणीतरी मागावी लागते. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे. छापील मजकूर वाचण्यात अडचण असणाऱ्यांसाठी पुस्तक वेगळ्या स्वरूपात करून घेण्यास कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने परवानगी दिली आहे, त्यामुळे ग्रंथपालांनी त्या बाबतीत कचरण्याचे कारण नाही.

‘मग पदवीला अर्थ काय राहिला?’ असे काही प्राध्यापक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळून पुढे जाऊ नये. पदवीच्या पातळीवर सोपी प्रश्नपत्रिका देण्याच्या मी विरोधात आहे. घसारा का काढतात आणि तो कसा काढतात हे या मुलालाही इतरांइतकेच आले पाहिजे. पण त्या प्रश्नात आपण लेखाशास्त्र तपासत आहोत, तीन मिनिटांत इंग्रजी परिच्छेद वाचण्याचा वेग नव्हे. मुळात ‘सवलत’ या शब्दानेच थोडा घात केला आहे. त्यात मेहेरबानीचा वास येतो. मी मुलांना ‘सोय’ हा शब्द वापरायला शिकवते.

आता नोकरीकडे वळते, आणि आधी एक अनुभव सांगते, कारण माझे आजचे मत त्यातून तयार झाले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला कंपनीच्या कार्यालयात सहा महिन्यांचे प्रशिक्षण मिळाले. तिची आकलनशक्ती उत्तम होती, बोलणे नेमके होते, मुलाखत छान झाली. ‘कळले तर घेणार नाहीत’ या भीतीने मीच तिला गप्प राहण्याचा सल्ला दिला. तिला काम मिळाले ते बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याचे आणि फोनवरून आलेले निरोप व क्रमांक टिपून ठेवण्याचे. ज्या दोन गोष्टी तिला सर्वांत कठीण जात होत्या, त्याच नेमक्या तिच्या वाट्याला आल्या आणि का जमत नाहीत हे सांगण्याची वाट आम्हीच बंद केलेली होती. तिसऱ्या आठवड्यात ‘निष्काळजी’ असा शेरा मिळाला आणि तिने जाणे बंद केले. तो शेरा तिने पुढे कितीतरी दिवस खरा मानला. लपवल्याने अडचण झाकली जात नाही; तिला फक्त दुसरे नाव मिळते आणि ते नाव बहुधा आळस किंवा बेपर्वाई असे असते.

त्यानंतर मी पद्धत बदलली. प्रशिक्षण ठरण्याआधी मी शक्य तिथे स्वतः जाऊन कामाची फोड करून घेते. दिवसात किती वाचावे लागते, कागदावर की पडद्यावर, घाई कोणत्या वेळी असते, सूचना तोंडी मिळतात की लेखी, आणि झालेली चूक पुढे कोणाच्या नजरेस येते, एवढे प्रश्न पुरतात. भोसरी-चाकण पट्ट्यातील लघुउद्योगांत या प्रश्नांची उत्तरे एका चहात मिळतात, कारण मालक स्वतः तिथे बसलेला असतो. मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभाग एक सांगतो आणि प्रत्यक्ष टेबलावर वेगळेच असते, म्हणून तिथे ज्याच्या हाताखाली मुलगा काम करणार त्याच्याशीच बोलावे.

बी.कॉम.च्या मुलाला लेखा विभागात काय अडेल, ते आधीच पाहून ठेवता येते. अंक उलटसुलट होणे ही नेहमीची भीती असते. पावतीवर ५,६३० आहेत आणि नोंद ५,३६० ची झाली, तर संगणकात नावे आणि जमा दोन्हीकडे तोच चुकीचा आकडा पडतो, तेरीज (दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा) जुळते आणि चूक लपून राहते; ती बँकेच्या विवरणाशी ताळमेळ घालताना उघडी पडते. अशा वेळी फरक २७० येतो आणि त्याला ९ ने नि:शेष भाग जातो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की नेहमीच तसे होते. जुन्या हिशेबनिसांना हे पाठ असे. माझ्या एका विद्यार्थ्याने ही कसोटी इतकी अंगवळणी पाडली की पुढे विभागातील इतर लोक न जुळणारे ताळमेळ त्याच्याकडे आणू लागले. जीएसटी क्रमांकाची १५ अक्षरे सलग पाहिली की डोळ्यांपुढे नाचतात. पण पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन आणि शेवटची तीन वेगळी, असे तुकडे पाडून शिकवले की तीच अक्षरे ओळखीची होतात. जिथे हाताने उतरवण्याऐवजी कॉपी करून चिकटवता येते, तिथे तसेच करण्याची परवानगी मागावी. सूचना तोंडी मिळाल्या तर त्या व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवण्याची विनंती करावी. या सोयींना खर्च येत नाही. एक मात्र स्वच्छ सांगते: वेगाने आणि बिनचूक वाचणे हेच ज्या कामाचे मूळ आहे, उदाहरणार्थ मुद्रितशोधन, तिथे सोयी मागत राहण्यापेक्षा दुसरे काम निवडलेले बरे. हे मुलाशी मोकळेपणाने बोलावे.

कॅम्पस निवडीत अडथळे वेगळे असतात. ‘दहावी, बारावी आणि पदवी, सर्वत्र ६० टक्के व एकही विषय राहिलेला नसावा’ या अटीवर मुलगा पहिल्याच चाळणीत गळतो आणि पुढची अभियोग्यता चाचणी मिनिटे मोजून घेतलेली असते. महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांनी कंपनीला आधीच लिहून चाचणीत जादा वेळ मागितला पाहिजे. चाचणीच्या दिवशी मागून काहीही होत नाही. कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे, आणि २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात निवडीची पद्धत, पुरवल्या जाणाऱ्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा तपशील द्यायचा आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर हे धोरण शोधावे. ते मिळाले, तर कोणाशी बोलायचे याचे उत्तरही तिथेच मिळते. शासकीय नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातील १ टक्का अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे. त्यामुळे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असल्यास तो मार्ग खुला ठेवावा, पण केवळ त्याच्या भरवशावर तीन-चार वर्षे घालवू नयेत.

आता ‘केव्हा आणि कोणत्या शब्दांत’ याबद्दल. निवड चाचणीत सोय हवी असेल तर चाचणीपूर्वी सांगावेच लागते. चाचणी नसेल तर मुलाखतीच्या पहिल्या दहा मिनिटांत हा विषय काढण्याची गरज नाही. निवड झाल्यावर, रुजू होण्यापूर्वी, वरिष्ठांशी बोलावे. सहकाऱ्यांना सांगायचे की नाही, हा सर्वस्वी मुलाचा निर्णय आहे. शब्द साधारण असे असावेत: ‘सर, मला लांब मजकूर वाचायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून मी तो फोनवर ऐकतो. कामाची यादी लेखी मिळाली तर माझ्याकडून काही सुटत नाही. आकडे मी दोनदा तपासतो, त्यासाठी दिवसाच्या शेवटी पंधरा मिनिटे लागतील.’ यात डिस्लेक्सिया हा शब्द आला नाही तरी चालते. विचारले तर सांगावा. ऐकणाऱ्याला यातून आपण काय करायचे ते कळते. नुसते निदान सांगितले तर समोरचा माणूस गोंधळतो, सहानुभूती दाखवतो आणि पुढे काहीच करत नाही.

हे तीन वाक्यांचे बोलणे मुलाला एका दिवसात जमणार नाही. आजवर ते आपण बोलत आलात. शाळेत आपण गेलात, मंडळाचा अर्ज आपण भरलात, आणि ते योग्यच होते. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ‘तुला नेमके काय कठीण जाते?’ असे विचारले की निम्मी मुले आईकडे पाहतात. कंपनीत पाहायला आई नसते. म्हणून महाविद्यालयातील समान संधी कक्षाकडे, म्हणजे अशा सोयी पाहणाऱ्या विभागाकडे, जाताना या वेळी आपण बाहेर थांबावे. तिथे तो अडखळेल, कदाचित अर्धेच सांगून येईल, पण शिक्षकांसमोर अडखळण्याने त्याचे काही नुकसान होत नाही. अंतर्गत चाचणीच्या वेळेसाठी एका प्राध्यापकाशी तो बोलला, नोट्सची फाइल दुसऱ्याकडे मागितली, की पुढच्या वर्षी प्रशिक्षणाच्या ठिकाणी बोलताना त्याचा आवाज वेगळा असेल. महाविद्यालयाने लेखी अर्जालाही नकार दिला, तर मात्र आपण पुढे व्हावे. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार करता येते, आणि ती करताना महाविद्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच जवळ असणे आवश्यक आहे.

तेव्हा या महिन्यात ससूनमधील तपासणीची वेळ घ्यावी आणि परीक्षेचे अर्ज निघण्यापूर्वी महाविद्यालयात अर्ज देऊन पोच घ्यावी. राहिलेल्या दोन विषयांची परीक्षाही जादा वेळेसह देता यावी यासाठी त्याच अर्जात त्यांचा उल्लेख करावा; कॅम्पस निवडीपूर्वी ते सुटणे महत्त्वाचे आहे. अर्जाचा मजकूर मुलानेच तयार करावा. फोनवर बोलून लिहिला तरी हरकत नाही. शुद्धलेखन आपण तपासून द्या, वाक्ये मात्र त्याचीच राहू द्या.